पुन्हा पाहण्याची सोय : बोडलियन ग्रंथालयातील दोन भूर्जपत्री पोथ्यांच्या निमित्ताने

१

प्रस्तुत लेखकास काही वर्षांपूर्वी ऑक्सफर्ड येथील बोडलियन ग्रंथालयात थोडे दिवस बसून काम करण्याचा योग आला. काम मर्यादित होते. मध्य आशियात आणि वायव्य सीमाप्रदेशात सापडलेल्या दोन भूर्जपत्री पोथ्या त्या ग्रंथालयात आहेत. त्यांच्या भाषेस 'मिश्र संस्कृत' म्हणण्याचा प्रघात आहे. या मिश्रणात बोलीचा वाटा किती आणि नकलकाराच्या हाताचा वाटा किती, हा प्रश्न मनात घेऊन लेखक तेथे गेला होता. त्याचे उत्तर हा स्वतंत्र लेखाचा विषय होय. परंतु ते काम करीत असता दुसराच एक प्रश्न वारंवार पुढे येऊ लागला, आणि तो इतिहासाचा असल्यामुळे येथे मांडावयाचा आहे. विद्यापीठास ग्रंथालय कशासाठी लागते?

'ग्रंथ वाचण्यासाठी' हे उत्तर सरळ असले तरी अपुरे आहे. छापील ग्रंथ आज कोठेही वाचता येतो. जुन्या पोथीचा मजकूर एकदा नीट छापला गेला म्हणजे मूळ पोथीचे काम संपले, असे आपल्याकडे अनेक सुशिक्षितांसही वाटते. तसे असेल तर दुर्मीळ संग्रह सांभाळण्याचा खटाटोप केवळ पूज्यभावापोटी चालतो असे म्हणावे लागेल. एका माणसाने पाहून जे विधान केले ते दुसऱ्याने त्याच वस्तूवर पुन्हा तपासावे, ही सोय पिढ्यान्‌पिढ्या टिकवून धरणे हे विद्यापीठीय ग्रंथालयाचे मुख्य कार्य आहे, असे लेखकाचे मत बनले आहे. ते ज्या इतिहासावरून बनले तो पुढे संक्षेपाने दिला आहे.

ग्रंथालयाच्या जुन्या चौकात प्रवेश केला की भोवतालच्या दारांवर लॅटिन अक्षरांत निरनिराळ्या विद्याशाळांची नावे दिसतात. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा चौक बांधला गेला तेव्हा ही दारे खरोखरीच व्याख्यानगृहांची होती. त्यांपैकी एकावर व्याकरण आणि इतिहास या दोन शास्त्रांची नावे एकत्र कोरलेली आहेत. पुढे त्या शाळा गेल्या आणि खोल्या ग्रंथांनी व्यापल्या. दारांवरची नावे तेवढी राहिली. भाषेच्या अभ्यासकास ते एक दार पाहून समाधान वाटल्यास नवल नाही.

बाहेरून येणाऱ्या अभ्यासकास वाचनाची अनुज्ञा मिळण्यापूर्वी एक प्रतिज्ञा तोंडी उच्चारावी लागते. ग्रंथालयातील कोणतीही वस्तू बाहेर नेणार नाही, तिच्यावर खूण करणार नाही, तिला इजा पोहोचविणार नाही. आत विस्तव आणणार नाही वा पेटविणार नाही. आणि सर्व नियम पाळीन, असा तिचा आशय आहे. प्रथम ऐकताना हा प्रकार किंचित नाटकी वाटतो. त्यामागचा इतिहास कळल्यावर मात्र तसे वाटत नाही.

२

ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पहिले ग्रंथालय चौदाव्या शतकाच्या आरंभी, १३२० च्या सुमारास, बिशप टॉमस कोबम यांच्या देणगीतून सेंट मेरी चर्चला लागून असलेल्या एका खोलीत उभे राहिले. संग्रह लहान होता आणि ग्रंथ साखळीने बांधलेले असत. पुढे पाचव्या हेन्रीचा धाकटा भाऊ ग्लॉस्टरचा ड्यूक हम्फ्री याने १४३५ ते १४४७ या काळात २८० हून अधिक हस्तलिखिते विद्यापीठास दिली. मुद्रण तेव्हा इंग्लंडात पोहोचले नव्हते हे ध्यानी घेतले म्हणजे या संख्येचे महत्त्व कळते. या देणगीसाठी धर्मविद्येच्या सभागृहावर नवा मजला चढविण्यात आला आणि १४८८ साली तो वाचकांस खुला झाला.

त्यानंतर जेमतेम बासष्ट वर्षांत हे ग्रंथालय नाहीसे झाले. हा नाश परचक्राने झाला नाही. १५५० साली धर्मसुधारणेच्या भरात, क्राइस्ट चर्च महाविद्यालयाचे प्रमुख रिचर्ड कॉक्स यांच्या पुढाकाराने, जुन्या पंथाच्या खुणा पुसण्यासाठी सारे ग्रंथ तेथून काढून टाकण्यात आले. नाश करणारे स्वतः विद्यापीठाचेच विद्वान होते. १५५६ साली रिकामी झालेली वाचनाची मेजेही विकली गेली. ड्यूक हम्फ्रीच्या शेकडो हस्तलिखितांपैकी अगदी थोडी पुढे परत मिळाली. पुढची सुमारे चार दशके या नामांकित विद्यापीठास स्वतःचे ग्रंथालयच नव्हते.

सर टॉमस बोडली यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे. ते मर्टन महाविद्यालयाचे फेलो होते. पुढे नेदरलंड्समध्ये राणी एलिझाबेथचे वकील म्हणून राहिले. आणि माशांच्या व्यापारात धन मिळविलेल्या एका व्यापाऱ्याच्या विधवेशी विवाह केल्यामुळे सधन झाले. राजकारणातून निवृत्त झाल्यावर १५९८ च्या फेब्रुवारीत त्यांनी विद्यापीठास पत्र लिहून ग्रंथालय स्वखर्चाने पुन्हा उभारण्याची तयारी दर्शविली. ८ नोव्हेंबर १६०२ रोजी ते उघडले. पहिले ग्रंथपाल टॉमस जेम्स यांनी १६०५ साली छापील सूची प्रसिद्ध केली. १६१० साली लंडनच्या मुद्रक-प्रकाशकांच्या स्टेशनर्स कंपनीशी करार होऊन तिच्याकडे नोंदलेल्या प्रत्येक नव्या ग्रंथाची एक प्रत ग्रंथालयास मिळू लागली.

बोडलींचे मोठेपण त्यांच्या द्रव्यापेक्षा त्यांच्या नियमांत आहे. ग्रंथ बाहेर द्यावयाचा नाही, हा त्यांपैकी मुख्य. यादवी युद्धाच्या काळात ऑक्सफर्ड हीच राजाची राजधानी झाली होती. १६४५ साली पहिल्या चार्ल्सने एक ग्रंथ मागविला असता ग्रंथपालांनी नियम पुढे करून नकार दिला आणि राजाने तो मानला. पुढे राजाचा शत्रू क्रॉमवेल याच्या मागणीसही तेच उत्तर मिळाले. विस्तवाविषयीचा नियमही तितकाच कडक होता. १८४५ पर्यंत तेथे उष्णतेची सोय नव्हती आणि १९२९ पर्यंत कृत्रिम दिवा नव्हता. हिवाळ्यात दिवस मावळला की वाचन थांबे. वाचकांचे हाल झाले असतील, पण पोथ्या वाचल्या.

नियमांनी सर्व साधते असे मात्र नाही. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ सालचा पहिला मोठा संग्रह बोडलियनमध्ये आला होता. पुढे १६६४ ची तिसरी आवृत्ती आल्यावर, बहुधा निरुपयोगी समजून, जुनी प्रत काढून टाकण्यात आली. नवी आवृत्ती असताना जुनी कशाला, हा विचार त्या काळी व्यवहार्यच वाटला असणार. १९०५ साली एका विद्यार्थ्याने आपल्या घरातील जुना ग्रंथ बांधणीविषयी सल्ला घेण्यासाठी आणला, तेव्हा तोच हा ग्रंथ असल्याचे बांधणीवरून ओळखू आले. १९०६ साली लोकवर्गणी जमवून तीन हजार पौंडांस तो परत विकत घ्यावा लागला. त्या प्रतीची काही पाने वाचकांच्या हातांनी झिजली आहेत आणि सर्वांत अधिक झीज 'रोमिओ अँड ज्युलिएट' मधील सज्जाच्या प्रवेशाच्या पानांवर आहे. सतराव्या शतकातील तरुण वाचक काय वाचीत होते याचा हा पुरावा कोणत्याही सुधारलेल्या आवृत्तीत मिळणे शक्य नव्हते. टाकून दिलेल्या वस्तूत कोणता पुरावा होता हे टाकणाऱ्यास ठाऊक नसते, हा यातील बोध होय.

३

बोडलियनमधील संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह भारतीय उपखंडाबाहेरील सर्वांत मोठ्या संग्रहांत गणला जातो. तो एका हाताने जमलेला नाही. सुरतेच्या वखारीत नोकरी केलेल्या जेम्स फ्रेझर यांची हस्तलिखिते त्यांच्या मृत्यूनंतर ऑक्सफर्डला आली आणि १८७२ मध्ये बोडलियनमध्ये दाखल झाली. मुंबईच्या फौजेतील कर्नल जोसेफ बोडन यांच्या मृत्युपत्रातील पैशातून १८३२ साली संस्कृतचे अध्यासन निघाले. भारतीयांच्या धर्मांतराच्या कार्यास साहाय्य व्हावे असा दात्याचा स्पष्ट हेतू होता. त्या अध्यासनाचे पहिले प्राध्यापक होरेस हेमन विल्सन यांचा संग्रह १८४२ मध्ये विकत घेण्यात आला. १९०९ साली नेपाळचे पंतप्रधान महाराज चंद्र शमशेर यांच्या देणगीतून सहा हजारांहून अधिक हस्तलिखिते आली. दात्यांचे हेतू भिन्न, मार्ग भिन्न. काहींचे हेतू आपणांस रुचणारही नाहीत. परंतु संग्रहाचा उपयोग दात्याच्या हेतूने बांधला गेला नाही, याचे कारण सूची. थेओडोर आउफ्रेख्ट यांची लॅटिन सूची १८६४ साली पूर्ण झाली आणि विंटरनिट्झ व कीथ यांचा पुढील खंड १९०५ साली निघाला. सूचीत नोंद झाली की पोथी मालकाची न राहता विचारणाऱ्याची होते.

ज्या दोन पोथ्यांसाठी लेखक गेला होता त्यांपैकी पहिली 'बॉवर हस्तलिखित' या नावाने प्रसिद्ध आहे. लेफ्टनंट हॅमिल्टन बॉवर हे एका स्कॉटिश व्यापाऱ्याच्या खुन्याचा माग काढीत चिनी तुर्कस्तानात हिंडत असता १८९० साली कुचा येथे त्यांनी ही भूर्जपत्रे विकत घेतली. कलकत्त्यास ए. एफ. रुडॉल्फ हर्न्ले यांनी तिचे वाचन केले आणि १८९३ ते १९१२ या काळात ती छायाचित्रांसह प्रसिद्ध केली. पोथी १८९८ साली बोडलियनने घेतली. गुप्तकालीन धाटणीच्या ब्राह्मी लिपीत लिहिलेली सात प्रकरणे तीत आहेत. लसणीची उत्पत्ती व गुण सांगणारे आरंभीचे प्रकरण, 'नावनीतक' नावाचा वैद्यकसंग्रह, फाशांवरून शकुन पाहण्याची विद्या, सर्पविषावरील मंत्र असा तिचा पसारा आहे. संस्कृतात प्राकृत रूपांचे मिश्रण सर्व भागांत सारखे नाही, ही गोष्ट भाषाभ्यासकास विशेष लक्षणीय वाटते.

दुसरी बख्शाली येथील गणिताची पोथी. पेशावरजवळच्या बख्शाली गावी १८८१ मध्ये जमीन खणताना ती सापडली. सुमारे सत्तर पाने उरली आहेत, त्यांतील बरीच तुटकी. लिपी शारदा. शून्याच्या जागी आणि अज्ञात राशीच्या जागीही तीत टिंब वापरले आहे. हर्न्ले यांनी १९०२ साली ती बोडलियनला दिली.

या दोन पोथ्यांविषयी विद्वानांनी केलेली विधाने कालक्रमाने मांडली तर जे चित्र दिसते तेच या लेखाचे प्रमाण आहे. बॉवर पोथी हर्न्ले यांनी चौथ्या-पाचव्या शतकाकडे नेली. १९८७ साली लोरे झांडर यांनी अक्षरवटिकेच्या आधारे ती सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणली. बख्शाली पोथीतील ग्रंथ हर्न्ले यांस तिसऱ्या-चौथ्या शतकाचा वाटला. जी. आर. के यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत पोथी बाराव्या शतकापर्यंत खाली ओढली, आणि १९२९ साली विभूतिभूषण दत्त यांनी त्यांच्या निष्कर्षांस विरोध केला. १९९५ साली ताकाओ हायाशी यांची नवी चिकित्सक आवृत्ती निघाली. २०१७ साली ग्रंथालयाने तीन पानांचे कार्बन-परीक्षण करवून निष्कर्ष जाहीर केले. तीन पानांचे तीन काळ निघाले : एक इ. स. २२४ ते ३८३, दुसरे ६८० ते ७७९, तिसरे ८८५ ते ९९३. वृत्तपत्रांनी जगातील सर्वांत जुने शून्य सापडल्याचा गाजावाजा केला. त्याच वर्षी किम प्लॉफ्कर, हायाशी प्रभृती पाच विद्वानांनी आक्षेप घेतला. पोथीचा मजकूर एकसंध आहे आणि लेखनही एकाच वेळचे दिसते. तेव्हा सर्वांत उशिराच्या पानाचा काळ हाच पोथीच्या लेखनाचा काळ मानला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. भाषाभ्यासकास हा आक्षेप सबळ वाटतो, कारण भूर्जपत्राचे वय म्हणजे अक्षराचे वय नव्हे.

या वादाचा निर्णय करणे हा येथे हेतू नाही. एकशेतीस वर्षांहून अधिक काळ एकाच सत्तर पानांवर इतके मतभेद होऊ शकले, आणि प्रत्येक वेळी पूर्वीच्या मताचे परीक्षण होऊ शकले, हे महत्त्वाचे. पाने जागेवर होती म्हणून हे घडले. हर्न्ले व के यांनी उत्तम छायाचित्रे छापली होती; पण छायाचित्राचे कार्बन-परीक्षण होत नाही. १९०२ साली पोथी स्वीकारणाऱ्या ग्रंथपालास अशा परीक्षणाची कल्पनाही असणे शक्य नव्हते. पुढच्या काळात कोणता प्रश्न विचारला जाईल हे माहीत नसताना वस्तू सांभाळावयाची असते.

लेखकाचे बहुतेक काम याच छायाचित्रांवर झाले. मूळ भूर्जपत्रे इतकी जीर्ण आहेत की ती सहसा हाती दिली जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. पालटून पाहावयास मिळाली ती व्याकरणविषयक एक साधी कागदी पोथी. २०१५ साली नव्या स्वरूपात उघडलेल्या वेस्टन इमारतीतील वाचनकक्षात ती एका मऊ उशीवर ठेवून समोर आली. पाहतो तो पानोपानी पिवळे डाग. चुकलेल्या अक्षरावर नकलकाराने हरताळ लावून वर नवे अक्षर लिहिले होते. आपण मराठीत एखाद्या कार्यावर 'हरताळ फासला' असे म्हणतो तो वाक्प्रचार याच व्यवहारातून आला. आज त्या शब्दांत नासाडीचा अर्थ आहे. पोथीत मात्र हरताळ ही दुरुस्तीची खूण असते. एका ठिकाणी लेप विरळ झाल्यामुळे खालचे अक्षर दिसत होते. नकलकाराने प्रथम आपल्या बोलीच्या उच्चाराप्रमाणे 'ष' च्या जागी 'ख' लिहिले होते आणि मग सुधारले होते. छापील प्रतीत केवळ सुधारलेले रूप आले असते. चुकीबरोबर त्या माणसाचा उच्चारही नाहीसा झाला असता.

४

येथवर आल्यावर लेखकाचे मन स्वाभाविकपणे स्वदेशाकडे वळले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना मराठवाड्यातील पाटांगण येथे ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथपूर्व आहे असा त्यांचा सिद्धान्त होता. १९०९ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेच्या आधारे ज्ञानेश्वरीचे व्याकरण लिहिले. मराठी भाषेच्या ऐतिहासिक अभ्यासाचा तो एक आधारस्तंभ होय. परंतु ती मूळ पोथी आज अभ्यासकांस उपलब्ध नाही. ती कशी नाहीशी झाली याविषयी ज्या कथा सांगतात त्यांत शिरण्याचे कारण नाही. परिणाम पाहावा. राजवाड्यांनी दिलेले एखादे प्रत्ययरूप पोथीत खरोखर होते की वाचनात काही चूक झाली, लिपीवरून पोथीचा काळ कोणता ठरतो, कोठे हरताळ होता काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आता देता येत नाही. राजवाड्यांवर विश्वास ठेवणे किंवा अविश्वास दाखविणे एवढेच आपल्या हाती उरले आहे. वर्गात हा विषय शिकविताना दरवर्षी विद्यार्थी विचारतात, "मूळ पोथीत काय आहे?" आणि दरवर्षी अध्यापकास गप्प बसावे लागते. जेथे तपासणी संपते तेथे शास्त्राची जागा श्रद्धा घेते, आणि राजवाड्यांसारख्या कठोर चिकित्सकाच्या वाट्याला ती यावी हे दुर्दैव.

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. १८६६ पासून मुंबई सरकारने हस्तलिखिते जमविण्याचे कार्य हाती घेतले. ब्यूलर, कीलहॉर्न, रा. गो. भांडारकर यांनी गावोगाव फिरून जमविलेला तो संग्रह पुढे डेक्कन कॉलेजातून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आला. तेथेच महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध झाली. पाठभेद तळटीपांत जपून ठेवणे म्हणजे वाचकास पुन्हा पाहण्याची सोय देणेच होय. या संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने हल्ला करून ग्रंथ व पोथ्यांची नासधूस केली. ऑक्सफर्डच्या १५५० सालची हकीकत वाचताना ही तारीख आठवल्यावाचून राहत नाही. दोन्ही ठिकाणी नासधूस करणाऱ्यांस आपण काही पवित्र कार्य करीत आहोत असेच वाटत होते.

येथे एक आक्षेप उभा राहतो व तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. बख्शालीची पोथी पेशावरजवळ सापडली आणि टेम्स नदीकाठी राहिली. बख्शाली गावचा विद्यार्थी ती किती सहज पाहू शकेल? 'पुन्हा पाहण्याची सोय' जर प्रवासखर्च परवडणाऱ्यासच असेल तर ती अर्धीच सोय होय. हा आक्षेप लेखकास मान्य आहे. पोथ्यांच्या स्वामित्वाचा प्रश्न न्यायाचा आहे, आणि ग्रंथालय उत्तम चालविले म्हणून तो मिटत नाही. परंतु त्याचे उत्तर देताना आपणांसही काही सिद्ध करावे लागेल. उद्या पोथी परत आली तर तिची नोंद कोणत्या सूचीत होईल, आणि ती मागणाऱ्या अनोळखी विद्यार्थ्यास कोण दाखवील? आपल्याकडील कित्येक खाजगी संग्रहांत पोथी 'आहे' एवढेच सांगितले जाते. दाखविली जात नाही. तिचे अस्तित्व आणि नाश यांत अभ्यासकाच्या दृष्टीने फारसा भेद उरत नाही.

आपल्या जुन्या नकलकारांस हे सारे कळत होते. पोथीच्या शेवटी ते वाचकास विनवीत की जशी प्रत पाहिली तशी लिहिली, दोष मजकडे नाही; हिला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपा. परहस्ते गेलेली पोथी गेलीच, असेही ते बजावीत. बोडलींनी तोच अनुभव नियमाच्या भाषेत मांडला आणि नियम पाळणारी संस्था मागे ठेवली. अंतर आहे ते एवढेच, पण ते मोठे आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सुचवावयाचे ते इतकेच. पुढील सुटीत आपल्या गावी जाल तेव्हा घरातील, मठातील वा देवळातील एका बासनाची तरी यादी करावी : पोथीचे नाव, पानांची संख्या, लिपी, शेवटी शक असल्यास तो, आणि पोथी कोणाकडे आहे हे. वाचता आली नाही तरी हरकत नाही. छापील ग्रंथ मिळतो म्हणून कोणी ती नदीत सोडावयास निघाला असेल तर त्यास थांबवावे. यादीची एक प्रत विभागात आणून द्यावी. वाचणारा पुढे केव्हा तरी येईल. तो आल्यावर पोथी जागेवर असली पाहिजे.